दम वाढवायचा इलाज

आमचे हे उल्हासनगरच्या एका बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. लग्नसराईत अंबरनाथच्या आमच्या खोलीवर ते फक्त झोपायला यायचे. एका सिंधी वरातीत लांब सूर धरताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं गळाली, जीभ जड झाली. थोड्या वेळानं सगळं ठीक. मग ते वरचेवर व्हायला लागलं.

बँडवाल्यांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. बँडचे मास्तर घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, दम कमी पडतोय त्याचा, दुसरं काय नाय. सकाळचा रियाज डबल कराय लाव." झालं! हे पहाटे उठून बादलीभर पाण्यात नळी घालून बुडबुडे काढत बसायचे. बुडबुडे निघायचे आणि हात मांडीवर मेल्यासारखा पडायचा. त्यावर मास्तर म्हणणार, अजून फुंक. मी भांडले, तर मास्तर म्हणाले, बायकांना यातलं काय कळतंय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं शक्तीची इंजेक्शनं दिली.

एके दिवशी पडलेला हात उठलाच नाही. मुंबईच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हात पडतो तेव्हा काय करत असतात?"

"फुंकत असतात. गरम चहा फुंकला तरी होतं."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. मग मांडीतून नळी घालून डोक्याचे फोटो काढले. मेंदूच्या मोठ्या नसा आकसल्या होत्या आणि त्यांच्या जागी बारीक नसांचं जाळं फुटलं होतं, फोटोत धूर दिसावा तसं. जोरजोरात श्वास टाकला की उरलेल्या नसाही आवळतात, मेंदूला रक्त कमी पडतं. लाखात एखाद्याला होतं म्हणे. तो एखादा आमच्याच घरात कशाला हवा होता? ऑपरेशन त्यांच्याकडे होत नव्हतं. गोळ्या दिल्या आणि सांगितलं, फुंकणं बंद. हुंदके देऊन रडणंही बंद. एवढं नेमकं कळलं, पण करता काहीच येईना.

घरी आल्यावर मास्तर भेटायला आले. हे डाव्या हातानं चहा पीत होते. मी मास्तरांना सगळं सांगितलं, काही म्हणजे काही गाळलं नाही. रागच तेवढा होता. मास्तरांनी ह्यांचे पाय धरले. "मीच घालवला रे तुझा हात," म्हणत रडायला लागले. ह्यांनाही भरून आलं. एक हुंदका, मग दुसरा, आणि डाव्या हातातला कप खाली पडला.

मी धावत जाऊन ह्यांचं तोंड दाबून धरलं. नवऱ्याला धड रडूही देता येत नव्हतं मला.