गल्लीतली दारं

पुंडलिकनगरातल्या आमच्या घराची वरची खोली मी सुदानहून शिकायला आलेल्या एका मुलाला भाड्यानं दिली, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग त्याच्यासमोरच म्हणाली, "मला याचं भ्या वाटतं. इतका काळा माणूस मी जन्मात बघितला नाय."

त्याला मराठी येत नव्हतं, पण रोख कळला असावा. "आंटी, कुछ तकलीफ हो तो मेरे को बोलो," तो म्हणाला.

ती बोलतच राहिली. चपला वाजतात, कांदा करपतो, फोनवर ओरडतो. तो ऐकून घ्यायचा, कधी उलट बोलायचा. महिन्याभरानं दोघं जिन्यात बसून मसुराची डाळ कशी शिजवायची यावर वाद घालत होते. भीती गेली का, मी विचारलं. "थोडी हाये अजून," आई म्हणाली.

गल्लीत मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे हसून बघायचे. पण दुपारी चारला तो कॉलेजातून परतला की दारं लागायची. आपटून नाही, हलकेच. गच्चीवरून मला ऐकू यायचं: कड्यांचा आवाज त्याच्या दोन पावलं पुढं सरकत यायचा. खेळणारी पोरं कुणी हाक न मारताच आत जायची. जारवाल्याकडं नेमका त्याच्यापुरता पाण्याचा जार नसायचा.

मी घरोघर विचारायला गेले. प्रत्येक घरी चहा मिळाला. "आमचं काय नाय हो ताई, पोरगा लई चांगला हाये. पण लोकांना आवडत नाय."

शेवटच्या घरी मी विचारलं, "लोक म्हणजे कोण?"

त्या काकूंनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला नाय का माहीत?"

कुणी बैठक घेतली नव्हती, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवाळीआधी त्यानं खोली सोडली. आईनं थांबवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "आपसे झगड़ा कर सकता हूँ, आंटी. इधर किससे करूँ?"

पुढच्या महिन्यात त्याच्याच देशातल्या एका मुलाचा फोन आला. खोली आहे का, त्यानं अदबीनं विचारलं. "नाही, दिली," मी म्हणाले. किती सहज बोलले, ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली.

"कुणाला दिली?"