प्लग काढला होता का?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मांडवीच्या समुद्रावर रोज संध्याकाळी ज्याच्या शेजारी बसतो त्या मित्रालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या वहिनींना ओळखत नाही, म्हणून असेल. पण आधी त्यांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर मी केलं ते तुम्हाला किरकोळ वाटेल.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमची दोन घरं एकाच आवारात आहेत. मध्ये एक हापूसचं कलम आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच अंतर. दादा शाळामास्तर होता. निवृत्त झाल्यावर त्या दोघांना फिरण्याचं खूळ लागलं. लांब कुठे नाही हो — एस्टीने सकाळी निघायचं, राजापूर, गुहागर, फार तर एक मुक्काम, आणि परत. घरी आलं की वहिनी लिहायला बसायच्या. मुलाने मुंबईहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला होता, त्यावर. साठी उलटलेली बाई, उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायची, आणि दादा बाजूच्या खुर्चीत बसून त्यात चुका काढायचा.

आणि लिहायच्या काय? सगळंच! प्रवास, नातेवाईक, नवा मिक्सर, चाकांची बॅग. नव्या थर्मासबद्दल त्यांनी लिहिलं होतं — ‘आठ तास चहा गरम राहतो असं खोक्यावर छापलं आहे. आमचा लांज्याला पोचेपर्यंत निवला. छापणाऱ्याने एकदा आमच्याबरोबर एस्टीने यावं.’ हे वाचून मी एकटाच हसत बसलो होतो. माझ्या सगळ्या नोकरीत मी असं एक वाक्य लिहिलं नाही. पण हे मी वाचलं ते फार उशिरा. आधी त्या ‘भावजी, बघा जरा वाचून’ म्हणायच्या आणि मी ‘वाचतो सावकाश’ म्हणायचो.

कारण मी घरातला कॉम्प्युटरवाला ना! ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा मला तीन महिन्यांचं ट्रेनिंग मिळालं होतं. त्या भांडवलावर मी आवारात भाव खाऊन होतो. माउस अडला की मला हाक, स्क्रीन काळी पडली की मला हाक. वहिनींच्या फाइली कुठे ठेवायच्या तेही मीच सांगितलं होतं. म्हटलं, डेस्कटॉपवर ठेवा, समोर दिसतील, शोधायला नकोत.

मग दादा गेला. वर्षभर वहिनींनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. नंतर एक दिवस वरचं क्रोशाचं कव्हर काढलं आणि जुनं लिहिलेलं वाचायला लागल्या. रोज दुपारी थोडं थोडं. कॉम्प्युटर फार हळू चालतो, एवढीच त्यांची तक्रार होती. मी म्हटलं, मी आहे ना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरात, दुपारी समुद्रावर गडगडायला लागलं की घरोघर प्लग काढायची धांदल उडते. टीव्ही, फ्रीज, इंटरनेटचा डबा, सगळ्यांचे. एक वीज पडली की आजूबाजूच्या चार घरांतले टीव्ही जातात, हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. दादाच्या घरी हे काम वहिनींचं. चार दिवस गावाला जायचं असलं तरी सगळे प्लग काढून मगच कुलूप लावायच्या.

त्या ऑक्टोबरात त्या राजापूरला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. किल्ली माझ्याकडे होती. मी दुपारी जाऊन कॉम्प्युटरची सिस्टीम नव्याने टाकायला घेतली. परत येतील तर कसा सुसाट चालतोय बघून चकित होतील! मध्ये त्याने विचारलं, इथलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी चालेल म्हटलं. मला वाटलं, फाइली दुसऱ्या कप्प्यात आहेत. डेस्कटॉपवरचं सगळं त्याच कप्प्यात असतं, हे मला माहीत नव्हतं. तीन महिन्यांच्या ट्रेनिंगात सांगितलंही असेल.

कॉम्प्युटर सुरू झाला. अगदी सुसाट. समोर निळा पडदा, त्यावर एक फाइल नाही.

मी किती वेळ शोधत होतो कुणास ठाऊक. बाहेर गडगडत होतं. एक वीज अगदी जवळ पडली आणि दिवे गेले. आणि तेवढ्यात — खरंच सांगतो — मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या, हातात लग्नातल्या लाडवांचा पुडा. मी सांगितलं, काल मोठी वीज पडली, कॉम्प्युटरला झटका बसला, मी दुरुस्त केला पण आतलं सगळं गेलं. त्या खुर्चीवर बसल्या. दादाच्या खुर्चीवर. मग एवढंच विचारलं.

“भावजी, मी प्लग काढून नव्हत्ये गेल्ये?”

“नव्हता काढलेला,” मी म्हणालो.

दोन शब्द. त्या मान हलवून म्हणाल्या, “लग्नाच्या घाईत राहिला असेल. माझंच लक्ष नव्हतं.” आणि मला लाडू दिला. मी तो खाल्ला.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पहिल्यापासून लिहायला घेतलं. त्याच एका बोटाने. दीड-दोन वर्षं लागली. मिक्सर परत आला, थर्मास परत आला, राजापूरच्या स्टँडवर दादाने भलत्याच गाडीत टाकलेली बॅग परत आली. या वेळी त्यांनी वाचायला दिलं ते मी वाचलं. भीतीने वाचलं, आणि मग मात्र सोडवेना. काय बाई आहे ही! कुठे रडगाणं नाही, की ‘वीज पडल्यामुळे’ असा एक शब्द नाही.

हेदवीच्या प्रवासापाशी मी थांबलो. तो त्यांचा दोघांचा शेवटचा प्रवास. वहिनींनी लिहिलं होतं — ‘फेरीबोटीत हे त्यांच्या आईबद्दल पुष्कळ बोलले. कधी नव्हे ते. पहिल्या वेळी मी ते सगळं लिहिलं होतं, त्यांनी शेजारी बसून तपासलं होतं. आता शब्द आठवत नाहीत. मनाचं घालणार नाही.’ खाली चार-पाच ओळींची जागा कोरी.

त्यांची आई म्हणजे माझीही आईच. दादा तिच्याबद्दल काय बोलला? मला कधीच कळणार नाही. सावकाश वाचतो म्हणालो होतो ना.

वहिनी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. कुठे जराही गडगडलं की हातातलं टाकून उठतात आणि घरभर प्लग काढत फिरतात. पुण्याला नातेवाइकांकडे गेल्या तेव्हा त्यांच्याही फ्रीजचा काढून ठेवला, आइस्क्रीमचं पाणी झालं. सगळे हसले. मीही हसलो, आणि वर दोन विनोद केले. त्या म्हणाल्या, “हसा तुम्ही. एकदा गेल्ये ना विसरून.”

आज दुपारीही आभाळ भरून आलं. गुडघे धरत धरत त्या दोरीखालून वाकून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, भावजी, काढलात का? मी उठून लॅपटॉपचा प्लग काढला. त्या खात्री करून गेल्या. आता हे बॅटरीवर लिहितोय.

अजून एक राहिलं. तेच सांगायचं होतं, बाकी सगळा फाफटपसारा. त्या दुपारी मी कुलूप उघडून आत गेलो, तेव्हा कॉम्प्युटरचा प्लग काढलेला होता. वायरची नीट गुंडाळी करून, तिला रबर लावून, ती कव्हरवर ठेवलेली होती. ते रबर मी माझ्या हाताने सोडलं.

उद्या याची प्रिंट काढून त्यांना नेऊन देणार आहे. त्या चष्मा लावतील आणि एका बैठकीत वाचतील. वाचून काय म्हणतील ते मी इथे लिहू शकलो असतो. पण मनाचं घालणार नाही.