मोठीची गोळी, लहानीची कॅप्सूल

सासूबाई दोन महिने आमच्याकडे प्रताप नगरला आणि दोन महिने माझ्या लहान्या जावेकडे सक्करदऱ्याला, अशी वाटणी. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र माझी. रात्री जेवण झालं की मीच हातावर ठेवायची आणि त्या गिळेपर्यंत समोर उभी राहायची. तिकडे जाताना पुरतील इतक्या गोळ्या पिशवीत घालून द्यायची.

या उन्हाळ्यात त्या परतल्या त्या लहानीचे गोडवे गातच. पेटीकोटच्या नाडीखाली कमरेला गजकर्ण झालं होतं. मी महिनोन्‌महिने मलम चोळत होते, फरक शून्य. लहानीनं चामडीच्या डॉक्टरकडे नेलं, कॅप्सूल सुरू झाल्या अन् खाज गायब. घरी येईल त्या बाईला कौतुकानं सांगायच्या. माझा नुसता जळफळाट. पाय दुखायला लागले तर म्हणे, लहानी रोज दाबून देत होती. घ्या, आता तेही माझ्या डोक्यावर!

पण दुखणं वाढतच गेलं. पाटावरून उठवेना, मांडीला हात लावू देईनात, लघवी काळ्या चहासारखी. तेव्हा मात्र मी घाबरले. धंतोलीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेताना अजून चालू असलेल्या कॅप्सूलचं पाकीटही उचललं. खोटं कशाला बोलू, लहानीची चूक मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायची होती.

रक्त तपासलं. स्नायूंना इजा झाली होती. दोन्ही औषधं आपापल्या जागी ठीक, पण ती कॅप्सूल कोलेस्टेरॉलची गोळी शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. गोळी साचते आणि स्नायूंवर उठते, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी सासूबाईंना भरती केलं अन् ताबडतोब बंद केली कोणती, तर माझी! कॅप्सूलचं म्हणे त्या डॉक्टरांना विचारू.

मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, तिथे या गोळीचं सांगितलं नव्हतं का? दुसरं औषध चालू आहे का, विचारलं होतं म्हणे, लहानीनंही आणि त्या डॉक्टरनंही. यांनी साफ नाही म्हटलं होतं, आणि लहानीच्या नकळत रोज गोळी घेतली होती.

मी विचारलं, "काहून, आई?"

"दोनातली एक बंद कर म्हटलं असतं त्यानं. तुह्या हातची गोळी हाय वं, कशी सोडू?"



सलाईन लागल्यावर व्हरांड्यात येऊन लहानीला फोन केला. सगळं सांगितलं, सासूबाई काय म्हणाल्या तेही.

"ताई, मी रोज पाय दाबले त्यांचे. मले काहून नाही सांगतलं?"

तो दुखावलेला आवाज मी ओळखते, इतकी वर्षं तो माझाच होता. आत्ताच येऊ का, तिनं विचारलं. ये म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या ये, आज मी आहे.