नकाशातून खोडलेली सीट

समोरच्या भाऊंना गल्लीत सगळे 'टेप' म्हणतात. बडबडे आहेत म्हणून नव्हे, तो मान माझा. आयुष्यभर नकाशे काढायची नोकरी केली, म्हणून खिशात सदैव मोजायची टेप. निवृत्त झाल्यावर त्यांनी चाळीस वर्षांची एक घरगाडी आणली. मागे पलंग नि छोटा ओटा, पुढे दोन सीटा, आणि दोन्हींच्या मध्ये झाकणाखाली इंजिन. घरापर्यंत आली आणि इंजिनानं दारातच राम म्हटला.

दोन वर्षं गाडी फाटकाशी उभी, आणि भाऊ दुसऱ्या इंजिनाच्या शोधात. जुनंच खोलून बांधावं, तर चढावर दम लागणार. त्याच जातीचं भंगारातून आणावं, तर "एक म्हातारा काढून दुसरा बसवाल," असं गॅरेजवाला म्हणाला. विजेवर चालवा, असं मी सुचवलं. "चालवतो. तुम्ही वायर धरून मागे पळा," म्हणाले. शेवटी एक ट्रकचं डिझेल इंजिन मिळालं. दमदार, पण अंगानं थोराड.

वहिनी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. "ह्यांचं मोजून होईपर्यंत माझे गुडघे साफ जातील," एवढंच त्या म्हणायच्या. तेही हल्ली कंटाळून सोडून दिलं होतं.

गॅरेजमध्ये ते इंजिन साखळीला लटकत होतं. टेपचं दुसरं टोक धरायला मी. भाऊंनी नकाशा टेबलावर पसरला. वहिनींनी चष्मा चढवला.

"ही तुमची सीट. माझी कुठाय?"

"अगं, झाकण तेवढं तुझ्या बाजूला सरकतंय. म्हणून ती काढली. तू मागे पलंगावर मस्त आडवी पड."

"आडवं पडायला घर आहे की! तीस वर्षं लोकांचे धक्के खात उभी राहिले. समोरून रस्ता कसा दिसतो ते एकदा बसून बघायचं होतं. आणि तुम्ही मला खोडरबरानं उठवलंत?"

कागदावर खोडल्याचा डाग खरंच होता.

मला राहवेना. "वहिनी, उभ्यानं चालेल का विचारा. सवय आहे तुम्हाला."

त्यांनी असं बघितलं, की मी पुढच्या स्टॉपला उतरलोच.

भाऊंनी पुन्हा मोजलं. मग उलट्या बाजूनं मोजलं. माप काही लाजेनं आक्रसलं नाही. ते स्टुलावर बसले, टेप मिटली.

"जुनंच खोल," ते गॅरेजवाल्याला म्हणाले.

"भाऊ, चढाला धापा टाकेल."

"आम्हीपण टाकतो."

त्यात आणखी चार महिने गेले. एका सकाळी गाडी सुरू झाली तेव्हा टाळ्या वाजवायचाही कुणात जीव उरला नव्हता. वहिनी पुढे बसल्या, पर्स मांडीवर, पाठ ताठ. मला पलंगावर टाकलं, अडगळीत. गावाबाहेरच्या चढावर एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, आणि जाताना हातही हलवून गेला.

मी पुढे डोकावलो. वहिनींची मान खिडकीला टेकलेली, गाढ झोप लागलेली.

"उठवा की," मी कुजबुजलो. "त्यांना रस्ता बघायचा होता ना?"

"बघेल," भाऊ गिअर खाली घेत म्हणाले. "ह्या वेगानं तो काही लवकर संपत नाही."