आत्याबाईंचं अर्धं गाणं

आमच्या आत्याबाई कुठलंच गाणं पुरं करत नसत. शेवटच्या शब्दाशी आल्या की तोंड मिटायचं, भुवया वर चढवायच्या आणि पुढ्यातल्या पोराकडे बघत बसायचं. शब्द पोरानं घालायचा. पोर गप्प, तर आत्याबाईही गप्प. बघणाऱ्याला घाम फुटावा एवढा त्यांचा धीर.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पिंपळगाव रेणुकाईहून त्या जालन्याला आमच्या तिसऱ्या मजल्यावर आल्या त्या एकाच कामासाठी. माझी सई अडीच वर्षांची झाली तरी आई म्हणेना की बाबा म्हणेना. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, मोबाइल काढून घ्या, तिच्याशी बोला, गाणी म्हणा. आम्ही दोघं सकाळीच कामाला जाणारे. मग आत्याबाईंनी पिशवी भरली आणि आल्या आल्या बजावलं, "पोरगी बोलली की मी चालले. मंग मला कुणी आडवायचं न्हाई."

गावाकडे दार लोटलं की नुसतं लोटलेलं राहतं. इथलं दार आपोआप लागतं हे त्यांना काय ठाऊक! पहिल्याच आठवड्यात कांद्याची सालपटं टाकायला बाहेर पडल्या आणि मागे दार धाडकन बंद. सई आत, आजी बाहेर. कुलूपवाला येईपर्यंत बाई दाराला तोंड लावून गात होत्या. त्या दिवसापासून आम्ही जाताना बाहेरून कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवू लागलो. "डालग्याखाली कोंबडी झाकावी तसं झाकून राह्यले तुम्ही मला," आत्याबाई म्हणायच्या. खोटं नव्हतं ते.

मग दिवसभर गॅलरीची जाळी, सई आणि मी आणलेलं बडबडगीतांचं पुस्तक. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्यांचं काही अडलं नाही. पाणघोड्याचं चित्र आलं की म्हणायच्या, "अगं बया, हिची शिंगं कुणी काढली?" आणि लगेच सुरू:

म्हैसबाई जाड जाड,
पाठीमागं चिंचेचं...

की थांबल्याच. मी वैतागायचे. "अहो, सांगून टाका की तिला!"

"तू गप. आपुनच बोलत बसलो तर ती कशाला जीभ उचलंल?"

आणि एका संध्याकाळी मी कुलूप काढून आत पाय टाकते तोच सई म्हणाली, "झाड!" मी चपला न काढताच पोरीला उचललं आणि रडले. आत्याबाई मात्र पुढचं पान उलटून बसल्या होत्या. मग एकेका पानाचा शब्द येत गेला.

शेवटच्या पानावर लाल जीप होती. तिचं गाणं बाईंनी स्वतःसाठी राखलेलं:

पीं पीं गाडी आली दाराला,
आजी चालली आपल्या...

'घराला' हा शब्द सईला येत नव्हता असं नाही. भावलीला झोपवताना ती तो सारखा म्हणायची. पण हे पान उघडलं की ओठ घट्ट. एकदा तर आत्याबाईंनी पिशवी भरून दाराशी ठेवली आणि पुस्तक उघडलं. "म्हण गं माय. सोड मला."

सईनं जीपवर दोन्ही तळहात दाबले आणि म्हणाली, "न्हाई!" तेही आजीच्याच बोलीत.

आत्याबाई हसल्या, डोळ्याला पदर लावला. पिशवीतली लुगडी पुन्हा कपाटात गेली.

मग त्या राहिल्याच. नवरात्रात देवीच्या दर्शनाला न्यायचो, आणि संध्याकाळी परत डालग्यात! सई शाळेत जाऊ लागली, तिची टकळी काही केल्या थांबेना. दुपारी बाई जाळीला बोटं अडकवून खालच्या रस्त्याकडे बघत उभ्या असायच्या. "तिला बोलायला शिकवलं अन् मीच गुतून बसले बघ," म्हणायच्या आणि हसायच्या. मला ते हसू सोसायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात झोपेतच गेल्या. गावाला न्यायला खाली गाडी येऊन उभी राहिली. सगळे उचलायला पुढे झाले, तेवढ्यात सई ते फाटकं पुस्तक घेऊन आली. आजीच्या उशाशी बसून तिनं शेवटचं पान उघडलं, ती ओळ म्हटली आणि थांबली. भुवया वर चढवून आजीच्या तोंडाकडे बघत बसली.

बऱ्याच वेळानं तिनंच हळू म्हटलं, "घराला."