मिटलेल्या डोळ्यांचे फोटो

लग्नाचे फोटो काढून काढून माझ्या अंगठ्याला एक खोड लागली आहे. डोळे मिटलेला फोटो दिसला की तो उडवायचा. नवरी असो की विहीणबाई, मिटलेले डोळे कुणालाच आवडत नाहीत आणि बोलणी मात्र मला खावी लागतात.

गेल्या वर्षी लातूरच्या एका चर्चच्या तरुण संघाने सहलीचे फोटो काढायला बोलावलं. औशाजवळच्या एका शेतात जायचं होतं. गाडी निघताना एका पोरीची आई खिडकीशी आली. ती दवाखान्यात आया होती आणि ड्यूटीवर निघाली होती. "भाऊ, पोरगी उद्या नर्सच्या नोकरीला पुण्याला चालली. आज समदे तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार हाईत. मला सुट्टी न्हाई. तेवढा एक फोटो मोठा करून द्या, भिंतीला लावते."

"बिनघोर राहा," मी म्हणालो.

चर्चची पोरं म्हणजे शांत असणार, हा माझा समज पहिल्या अर्ध्या तासात गेला. पोत्यांच्या शर्यतीत चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, स्वतः पोत्यात शिरले आणि तिसऱ्या उडीला आडवे झाले. लिंबू-चमच्यात एकाने लिंबू च्युइंगमने चिकटवलं. पकडल्यावर म्हणतो, "अकलेलाबी बक्षीस पायजे की!" हसून हसून माझा कॅमेरा हलत होता. मग ती पोरगी चिंचेखाली गुडघ्यावर बसली, सगळ्यांनी हात ठेवले. मी भराभर वीसेक फोटो घेतले.

जेवताना कार्ड भरत आलं होतं. एका हाताने बिर्याणी, तोंडाने गप्पा, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा आपलं काम करत होता. नंतर रस्सीखेच झाली, तिचे शंभर फोटो काढले.

परतीच्या वाटेवर पोरगी शेजारी येऊन बसली. "काका, प्रार्थनेचा दाखवा की."

शोधलं. एकही नव्हता. सगळ्यांचे डोळे मिटलेले, म्हणून मी सगळेच उडवले होते आणि त्या जागी रस्सीखेच चढली होती. कुणाच्या मोबाइलवर असेल म्हणून विचारलं, तर तेव्हा सगळ्यांचे हात तिच्या डोक्यावर होते आणि मोबाइल खिशात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी कसंबसं हसून म्हणाली, "जाऊ द्या." चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मी पाळकसाहेबांना म्हणालो, "वाटेत कुठंतरी परत हात ठेवून उभे राहता का? दोन मिनिटांचं काम."

"दादा, फोटोसाठी प्रार्थना करत न्हाईत," ते म्हणाले. ते खरंच होतं. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पर तिची आई तर प्रार्थनेला नव्हतीच." आणि त्यांनी ड्रायव्हरला गाडी पोरीच्या घराकडे घ्यायला सांगितलं.

आई नुकतीच घरी आली होती, अंगावर ड्यूटीचीच साडी. मी आधी चूक कबूल केली. तिने कपाळावर हात मारला आणि मग हसली. "बरं झालं की, भाऊ. आता माझाबी हात पडंल तिच्यावर."

अंगणात सगळे दाटीवाटीने उभे राहिले. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि मी एकच फोटो घेतला.

तो मोठा करून दिला. त्यात पंचवीस जणांचे डोळे मिटलेले आहेत. आईचे तेवढे उघडे आहेत. ती पोरीकडे बघते आहे.