डमीबाईंची माघार

त्यांना सगळे डमीबाई म्हणायचे. तोंडावर 'ताई' आणि पाठ फिरली की डमीबाई. पुष्कळदा तर पाठ पुरती फिरायच्या आधीच. कारण सरळ होतं. साहेब विधानसभेला उभे राहिले की शेजारच्या टेबलावर बाईंनाही अर्ज भरायला लावत. न जाणो, छाननीत साहेबांचा अर्ज बाद झाला, तर पक्षाचं म्हणून कुणीतरी रिंगणात असावं. साहेबांचा अर्ज मंजूर झाला की बाई शेवटच्या दिवशी माघार घेत आणि घरी येऊन कणीक मळायला लागत. नवरा बस डेपोत फिटर होता. "आमच्या घरात उमेदवार आहे, जरा आवाज खाली," असं तो शेजाऱ्यांना सांगे आणि स्वतःच सात घरांना ऐकू जाईल असा हसे.

साहेबांनी बाईंनाच का धरलं, यात काही कोडं नव्हतं. बायकोला डमी केलं तर मेहुणा शेफारणार, भावाला केलं तर तो उद्या खरंच उभा राहणार. बाई जुन्या सरकारी प्रसूतिगृहात आया होत्या. ते पाडलं आणि त्यांची नोकरी गेली. "नवीन बांधतोय ना, पहिली नेमणूक तुमचीच," असं सांगून साहेबांनी त्यांना महिला आघाडीत ओढलं. बाईंनी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला. वस्तीतल्या घराघरांत पत्रकं टाकली, सभांना बायका जमवल्या, घोषणा देऊन देऊन घसा बसवून घेतला. सांगितलेलं मुकाट्याने करणारी, उलट न बोलणारी आणि सही तेवढी झोकात करणारी अशी बाई साहेबांना आयतीच मिळाली होती.

नवीन प्रसूतिगृह झालं, नाही असं नाही. दोन मजले, रुंद जिना, खिडक्यांना जाळ्या. साहेबांनी फीत कापली. पुढच्या निवडणुकीआधी पुन्हा कापली. मधल्या काळात दाराला कुलूप. कधी डॉक्टरची पदं मंजूर नव्हती, कधी विजेची जोडणी अडली होती, कधी फाईल 'वर' गेली होती. बाईंनी एकदा पहारेकऱ्याला गळ घालून आत पाहिलं. खाटांवरची प्लॅस्टिकची वेष्टणं तशीच होती आणि बाळांना न्हाऊ घालायच्या मोठ्या सिंकमध्ये कबुतरांनी घरटं केलं होतं. रस्त्याच्या पलीकडे साहेबांच्या मेहुण्याचं खासगी हॉस्पिटल दिवसेंदिवस फुगत चाललं होतं. कुलूप कशासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बाईंनाही कळत होतं, पण त्या मूग गिळून बसल्या, कारण साहेबांचा शब्द खोटा मानला तर आपण इतक्या वर्षांची पायपीट काय म्हणून केली, हा प्रश्न उरत होता.

मग एका निवडणुकीत साहेबांनी आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. मालमत्तेचे रकाने त्यांनी कोरेच ठेवले. "मला कोण ओळखत नाही? रकाने काय भरायचे?" म्हणाले. निवडणूक निर्णय अधिकारी नवा होता, बाहेरून आलेला, आणि तो खरंच कुणाला ओळखत नव्हता. त्याने अर्ज बाद केला. मागे राहिला पक्षाचा एकच अर्ज, डमीबाईंचा.

त्या दुपारी साहेबांच्या दिवाणखान्यात पक्षाची सगळी थोर मंडळी सुतकी चेहऱ्याने बसली होती. बाई दाराशी उभ्या. "हिला नीट बोलता येईल का?" "कशाला बोलू द्यायचं?" "लोकांना सांगू, मत साहेबांनाच." बाजारातल्या म्हशीचे दातसुद्धा लोक जरा आडून बघतात, यांना तेवढीही लाज नव्हती. शेवटी कुणालातरी आठवलं की उमेदवार उभा आहे. "बसा ना ताई," तो म्हणाला. त्या घरात इतकी वर्षं येऊन-जाऊन बाई पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

पोस्टरवर साहेबांचा चेहरा दाराएवढा आणि कोपऱ्यात बाईंचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाई निवडून आल्या. हार साहेबांच्या गळ्यात पडला. बाईंच्या हातात कुणीतरी गुच्छ दिला आणि फोटोला अडचण होते म्हणून बाजूला सरकवलं.

पुढची पाच वर्षं म्हणजे चालतीबोलती थट्टा होती. आमदार बाई आणि कार्यालयात लोक विचारत, "साहेब आहेत का?" साहेबांचा पुतण्या त्यांचा पीए झाला. पहिल्याच आठवड्यात त्याने कोऱ्या लेटरहेडची चळत पुढे ठेवली. "खालीच सह्या करून ठेवा काकू, दरवेळी कुठे धावत येणार?" बाईंनी ओळीने सह्या केल्या. सभागृहात हात कधी वर करायचा ते पुतण्या गॅलरीतून खुणेने सांगे. भत्ता तेवढा बाईंच्या खात्यात जमा होई आणि नवरा म्हणे, "बसून पगार. आमच्या डेपोत अशी जागा निघाली तर सांग."

तरी बाईंनी एक गोष्ट स्वतःच्या डोक्याने केली. त्यांनी प्रसूतिगृहावर प्रश्न टाकला. कसा टाकतात ते विधानभवनाच्या ग्रंथालयातल्या एका कारकुनाला विचारून घेतलं, स्वतःच्या अक्षरात लिहिला, स्वतः नेऊन दिला. 'इमारत तयार असूनही प्रसूतिगृह बंद असण्याची कारणे काय?' एवढाच प्रश्न. तो मंजूर झाला, प्रश्नांच्या यादीत छापूनही आला. त्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून गेल्या. पुढे काय विचारायचं ते त्यांनी घरी ओट्याशी उभं राहून पाठ केलं होतं. मंत्री 'पदभरती चालू आहे' म्हणाले तर विचारायचं, कधीपासून? 'लवकरच' म्हणाले तर विचारायचं, लवकर म्हणजे कधी?

अध्यक्षांनी आधीचा प्रश्न संपवला आणि एकदम त्यानंतरचा पुकारला. बाईंचा मधला गाळलाच. बाई उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महोदय, माझा प्रश्न राहिला."

अध्यक्षांनी कागद पाहिला. "सन्माननीय सदस्या, आपणच काल मागे घेतलाय. आपल्या सहीचं पत्र आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सवय आहे त्यांना माघारीची." अख्खं सभागृह हसलं. दोन्ही बाजू हसल्या. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. बाई खाली बसल्या. कान इतके तापले की समोर कोण काय बोलतंय ते ऐकूच येईना. वर गॅलरीत पुतण्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

त्यांनी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. साहेब मुळीच चिडले नाहीत. चिडायलासुद्धा समोर माणूस आहे असं वाटावं लागतं. "अगं, तुझ्याच भल्यासाठी. मंत्री आपले, सरकार आपलं, स्वतःच्या सरकारला कुणी असं अडचणीत आणतं का? चहा घे आणि घरी जा."

बाई घरी गेल्या. आता त्या भांडल्या असत्या तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्या भांडल्या नाहीत. त्यांनी तो अपमान गिळला आणि अजून तो अंगात कुठे बसवावा याच्या विचारात होत्या, एवढ्यात कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची सून अडली. खासगी हॉस्पिटलने आधी पैसे भरा म्हणून सांगितलं. मोठ्या सरकारी दवाखान्याकडे न्यायला रिक्षा वळवली आणि सून रिक्षातच बाळंत झाली, त्या कुलूपबंद फाटकासमोर. बाळ राहिलं नाही.

बाई भेटायला गेल्या. इस्त्रीवालीने त्यांना आत घेतलं, बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं. मग शांतपणे विचारलं, "ताई, एक सांगा. आपले आमदार कोण आहेत?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तुम्ही? मला वाटलं, कुणीच नाही."

तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं, आणि तेच बाईंच्या काळजात रुतलं. त्या रात्रीपासून त्यांना साहेबांचा राग यायला लागला, पुतण्याचा आला, हसणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या त्या झोकदार सहीचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याकडे उरलेले लेटरहेड मागितले. "संपले की काकू," तो म्हणाला, आणि ड्रॉवर गुडघ्याने ढकलून बंद केला.

निवडणूक आली. या वेळी साहेबांनी वकील बसवून एकेक रकाना भरून घेतला. आणि शेजारच्या टेबलावर, पाच वर्षं आमदार राहिलेल्या बाईंना पुन्हा डमी म्हणून बसवलं! विचारलंसुद्धा नाही. गाडी पाठवली आणि निरोप दिला, 'आधार कार्ड घेऊन या.' बाई आल्या, दहा सूचकांच्या सह्यांनिशी अर्ज भरला, गेल्या. साहेबांचा अर्ज मंजूर झाला. बाईंचाही झाला, पण पक्षाचं चिन्ह साहेबांकडे गेल्यामुळे अपक्ष म्हणून.

माघारीच्या शेवटच्या दिवशी बाईंना कुणी बोलावलंच नाही. गरजच नव्हती. उमेदवाराचं अधिकारपत्र असलं की सूचकाच्या हातूनही माघार देता येते. सूचकांत पुतण्याचं नाव पहिलं होतं, आणि अधिकारपत्राला लागणाऱ्या सह्या त्याच्या ड्रॉवरमध्ये तयार होत्या. बाई आपणहून बसने आल्या. निर्णय अधिकाऱ्याच्या खोलीत भिंतीशी लाकडी बाक होता, त्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. पंखा कुरकुरत होता. मुदत संपत आली तेव्हा पुतण्या आत आला, त्याच्यामागे साहेब. बाईंना पाहून पुतण्या क्षणभर थबकला, पण साहेबांनी नुसती मान हलवली. बाई काय, बाक काय, त्यांना दोन्ही सारखंच.

अधिकाऱ्याने पुतण्याने पुढे केलेला कागद वाचला, मग बाकाकडे पाहिलं. "उमेदवार इथेच आहेत की. बाई, ही सही तुमची?"

"सही माझी आहे," बाई उठल्या. "मजकूर माझा नाही. मी कोऱ्या कागदावर सही केली होती. मूर्ख होते, केली. पण मी माघार घेत नाही."

पुतण्या म्हणाला, "काकू, काय चाललंय?"

"काकू घरी. इथे उमेदवार म्हण."

साहेबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज गोडच ठेवला. "ताई, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नका. अनामतसुद्धा वाचणार नाही. पडाल."

"पडेन ना!" बाईंचा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई दारात आला. "पडेन तर मी पडेन. जिंकले होते तेव्हा तुम्ही जिंकला होतात. माझा प्रश्न तुम्ही मागे घेतला, माझी सही तुम्ही विकली, माझ्या नावावर ते कुलूप तुम्ही ठेवलं आणि वर लोक मला विचारतात, आमदार कोण? एक पोर गेलं साहेब, तुमच्या मेहुण्याच्या दारासमोर. आता निदान हरायला तरी माझं मला येऊ द्या."

अधिकाऱ्याने पुतण्याचा कागद परत केला, घड्याळ पाहिलं आणि यादी बंद केली. साहेब जाताना काही पुटपुटले. ते बाईंना ऐकू आलं आणि इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या पडल्याच. प्रचाराला नवऱ्याची सायकल आणि डेपोतून उसना आणलेला एक भोंगा. दुसरं काय होणार? अनामत गेली. पण बाईंना जेवढी मतं मिळाली त्याहून कमी मतांच्या फरकाने साहेब पडले. विरोधकांचा तरुण उमेदवार निवडून आला आणि गावभर फटाके फुटले. साहेबांच्या दिवाणखान्यात पुन्हा सुतकी चेहरे बसले. नवरा बाईंना म्हणाला, "चल, झालं एकदाचं. आता तरी घरात शांतता."

बाईंना शांतता नको होती. दुसऱ्याच सोमवारी त्या नव्या आमदाराच्या कार्यालयात गेल्या. तो लगबगीने उठला, हात जोडले. "या, या, ताई! तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. महिला आघाडीचं अध्यक्षपद तुमचंच. अहो, बसा ना."

"आघाडी-बिघाडी नको," बाई म्हणाल्या. "प्रसूतिगृह उघडा."

"हो, हो, ते तर करायचंच आहे. साहेबांच्या मेहुण्यांशीही एकदा बोलून घेतो, म्हणजे उगाच वाद नको. बघू या ना आपण."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हाही तोच, वयाने कमी एवढंच. बाहेर भेटायला आलेल्यांची रांग ताटकळत होती, पीए दारातून डोकावत होता. बाईंनी खुर्ची टेबलाला लागेपर्यंत पुढे ओढली आणि ऐसपैस बसल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."